छत्रीला सतरा मतं

“घडी उघडून कोनी पाहत तं नाही ना?” उकंडाजी गोट्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही काका. त्यावर तुमचं नाव नाही, नंबर नाही. मत ज्याला दिलं त्याच्या चित्रावर खूण करा, घडी घाला, पेटीत टाका. मी पाठ करून बसते.”

मी भिंतीकडं तोंड केलं. मागं बाज करकरली. उकंडाजींच्या डाव्या पायाला घोट्यापासून वर पांढरी पट्टी होती. साखरेच्या आजारातली जखम, सहा महिने भरत नव्हती. कागदाचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच झालं नाही. सहा चित्रांपैकी एकावर खूण करायला माणसाला इतका वेळ का लागावा, असं मला वाटत होतं. शेवटी पत्र्याच्या पेटीत कागद पडला.

“तू सिष्टरकडं उतरली न बाई?”

“हो.”

“आन ही पेटी?”

“माझ्याजवळच असते.”

“मंग बरं हाय,” म्हणून त्यांनी सुनेला चहा मांडायला सांगितलं. मी प्रश्नावलीच्या शेवटच्या रकान्यात ‘सहकार्य चांगलं’ असं लिहिलं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. मी तेवीस वर्षांची होते, अमरावतीला राज्यशास्त्रात एम. ए. करत होते. आमचे तायडे सर निवडणुकांचा अभ्यास करायचे. तीस वर्षं त्यांनी तोच धंदा केला. कोणत्याही गावात एसटीतून उतरले की भेटेल त्या पहिल्या माणसाला ते विचारायचे, “इथं कोण हरलं हो?” जिंकलेल्याचं नाव कुणीही सांगतो, हरलेल्याचं नाव लोक कोणत्या आवाजात घेतात ते ऐकायचं, असं ते आम्हाला शिकवत. त्या वर्षी विधानसभेचा निकाल लागल्यावर त्यांनी एकाच मतदारसंघातली वीस बूथं निवडली आणि आम्हा दहा जणांना दोन-दोन गावं वाटून दिली. मतदार यादीतलं दर चाळिसावं नाव घ्यायचं, त्या माणसाचं घर शोधायचं, तासभर प्रश्न विचारायचे आणि शेवटी खोटी मतपत्रिका देऊन त्यानं खरं मत कुणाला दिलं ते गुपचूप नोंदवून घ्यायचं. काम चांगलं झालं तर पीएच. डी.साठी त्यांच्याकडं जागा मिळेल, असं त्यांनी मला मोघम सांगितलं होतं. माझ्यासाठी ते मोघम नव्हतं. घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि ती थांबवायला माझ्याजवळ दुसरं काही कारण नव्हतं.

माझ्या वाट्याला पहिलं आलं कळमगव्हाण, बूथ क्रमांक एकशे अठरा.

मी पोचले तेव्हा परतीची एसटी निघून गेली होती. ग्रामपंचायतीत राहायची सोय आहे असं सांगितलं होतं, पण खोलीला कुलूप होतं आणि किल्लीवाला लग्नाला गेला होता. पारावर बसलेल्या दोघांनी मला खालून वर पाहिलं आणि एकदमच म्हणाले, “सिष्टरकडं जा.”

सिष्टर म्हणजे गोदावरी डाखोरे. बत्तीस वर्षं त्या भागातल्या उपकेंद्राच्या नर्स होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. साठीची सडसडीत बाई, केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहावी तशी पाहायची. नवरा वारला होता, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मोठी मुलं एकाच घरात होती. तिनं माझ्या हातातली पेटी घेतली, कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, “हात धू. भाकरी गरम हाय तवर खाऊन घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मतपत्रिकांचा गठ्ठा सोडला तेव्हा पाचवं नाव मी नीट वाचलं. डाखोरे गोदावरी किसन, अपक्ष, छत्री.

त्याच वेळी मी उठून दुसरीकडं जायला हवं होतं. उमेदवाराच्या, कार्यकर्त्याच्या, सरपंचाच्या घरी उतरायचं नाही हा सरांचा पहिला नियम होता. पण ग्रामपंचायतीची खोली उघडली तेव्हा तिच्यात खताची पोती होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या घरात आवडलं होतं. मी डायरीत ‘मुक्काम’ या शब्दापुढं लिहिलं, ‘एका निवृत्त नर्सच्या घरी’. त्यात खोटं काहीच नव्हतं.

“तुम्ही का उभ्या राहिलात मावशी?” मी तिला विचारलं.

“मी कुठं राह्यली? गावानं उभं केलं. मी रिटायर झाली आन उपकेंद्राले कुलूप लागलं. दोन वर्सं झाली, दुसरी नर्सच नाही आली. अर्ज देल्ले, आमदाराच्या पायरीवर बसली. मंग देवळात सभा झाली. सारे म्हनले, सिष्टर, तुमीच उभ्या राहा. सारे हात वर झाले व. बायाइचेबी.” ती हसली. “निवडून येत नाही हे मलेबी समजत होतं. पन गावानं एका बाजूनं मत टाकलं तं सरकार पाह्यते तरी. अकराशे अडतीस पडले. माह्यं गाव धरून.”

“कळमगव्हाणची त्यात किती होती?”

“ते कोनाले माहीत? मोजनीले माह्या माणूसच नव्हता. पन सातशे तरी असतीन. बाकी इकडून-तिकडून.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “तुमच्या सरले तो आकडा भेटते का?”

“भेटतो. तहसीलमधून.”

“मंग मले सांगशील?”

मी सांगेन म्हणाले.

चार दिवसांत माझ्या चोवीस मुलाखती झाल्या. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, तायडे सर आले. शाळा सुटली होती. आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलो, त्यांनी किल्ली काढून पेटी उघडली आणि घड्या सोडून एकेक चिठ्ठी चित्राप्रमाणं लावायला सुरुवात केली. मीही पहिल्यांदाच पाहत होते. आमदाराच्या चिन्हावर पाच. त्याच्या विरोधकावर दोन. छत्रीची चवड वाढतच गेली.

“सतरा,” सर म्हणाले. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग शर्टाच्या खिशातून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढं ठेवली. तहसीलमधला बूथवार आकड्यांचा कागद होता. एकशे अठराच्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. झालेलं मतदान सातशे त्रेचाळीस. आमदाराला पाचशे एक्क्याण्णव. छत्रीला सहा.

मला ओळ चुकली असं वाटलं. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“सहा, सर?”

“सहा. सातशे त्रेचाळिसात सहा. आणि तुला भेटलेल्या चोविसात सतरा.” सरांचा आवाज चढला नव्हता. “रेवती, तू हे कागद स्वतः भरलेस का?”

 सर्वेक्षणाला गेलेली मुलं झाडाखाली बसून प्रश्नावल्या भरतात हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी सरांनी एका मुलाला त्यासाठी काढून टाकलं होतं.

“नाही सर. तुम्ही कुणालाही विचारा.”

“विचारणारच आहे.” त्यांनी माझ्या प्रश्नावल्या चाळल्या, मधूनच दोन काढल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं. संशय होता, पण त्याच्या शेजारी कुतूहलही येऊन बसलं होतं. “एक गंमत बघ. निकालानंतर लोक खोटं सांगतात, हे जुनंच आहे. पण ते जिंकलेल्याच्या बाजूनं सांगतात. मी पण त्यालाच दिलं होतं, असं. हरलेल्याला दिलं असं खोटं कोण सांगतं? ज्याची अनामत गेली त्याला दिलं म्हणून कुणाला काय मिळतं? तू भरले नसशील, तर मला हे कळलं पाहिजे.”

पहिलं घर शेवंताबाई कंकाळांचं होतं. त्या अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. मी येऊन गेले होते, तासभर बसले होते, चिठ्ठी त्यांनी स्वतः टाकली होती, हे सगळं त्यांनी सरांना सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. सर मात्र तिथंच उकिडवे बसले.

“बाई, गावाचं वारं कुणाकडं होतं?”

“सिष्टरकडं न जी. सारं गाव तिचंच होतं. देवळात सभा नव्हती का झाली! म्हनून तं...”

“म्हणून तर काय?”

शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. “म्हनून मले वाटलं, साऱ्या गावाचे मतं तिले हायेतच. माह्या एकटीच्यानं काय अडते? माह्या पोराले आमदाराच्या माणसानं कारखान्यात लावून देतो म्हनलं होतं.” एवढं बोलून त्या घाबरल्या. “हे लिहू नोका, बरं का. सिष्टरले नोका सांगू. माह्ये तिन्ही लेकरं तिच्याच हातची हायेत.”

सरांनी पेन खिशाला लावून टाकलं.

दुसरं घर उकंडाजींचं. ते बाजेवर तसेच बसले होते, पट्टी त्या दिवशीही नवी होती. सरांनी त्यांच्याशी पाऊसपाणी, तूर, सोयाबीन असं बोलत बोलत निवडणुकीकडं आणलं. उकंडाजी मोकळे झाले.

“कागदाचे मतं होते तवा बरं होतं, सर. साऱ्या गावाइचे कागद एकात मिसळत, कोन्या गावानं काय केलं ते देवाले माहीत. आता मशीन आलं. दुसऱ्या दिवशी गावाचा आकडा आमदाराच्या हातात. आमची पाण्याची पाइपलाइन शिवेवर येऊन थांबली हाय. सरपंच म्हने, लीड नाही देलं तं ते पाइप तिथंच सडते. मानसानं काय करावं?”

“मग तुम्ही काय केलंत?” सरांनी सहज विचारलं.

उकंडाजींनी पट्टीवरून हात फिरवला. माझ्याकडं पाहिलं, मग सरांच्या मांडीशी असलेल्या पेटीकडं.

“अजून एक डाव मत टाकाचं हाय काय?”

“टाकाल का?”

“टाकतो न. दहा डाव टाकतो.” त्यांनी हात पुढं केला आणि मग विचारलं, “पन ही पेटीबी सिष्टरच्याच घरी जाईन ना?”

सरांनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं.

“तिच्याच घरी म्हणजे?”

“ही पोरगी तिथंच उतरली न. पेटी सिष्टरच्या कोनाड्यात असते, साऱ्या गावाले माहीत हाय. आमाले वाटलं, सिष्टरनंच मांगवली असन. कोनं देलं, किती देलं, पाहाले.”

सरांनी चिठ्ठी दिली नाही. त्यांनी उकंडाजींना नमस्कार केला आणि आम्ही उठलो.

गल्लीच्या टोकापर्यंत ते माझ्या पुढं चालत गेले. तिथं एका बंद पिठाच्या गिरणीच्या सावलीत ते थांबले.

“निवृत्त नर्स,” ते म्हणाले. “डायरीत मी वाचलं. छान लिहिलंस.”

“सर, पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं.”

“दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी माहीत होतं.”

मी आणखी काहीतरी कारणं सांगितली असती. खताची पोती, शेवटची एसटी. पण त्यांच्याकडं पाहून मला ती सांगवेनात. आमच्या प्रश्नांत काही चूक नव्हती, गावातही नव्हती. गडबड मी केली होती. मी जिथं जेवत होते, झोपत होते, तिथं ती पेटी घेऊन जात होते, आणि लोक आमच्या अभ्यासाला उत्तर देतच नव्हते. ते सिष्टरला मत देत होते. निकालानंतर, उशिरा, पण देत होते.

“कळमगव्हाणचे चोवीस कागद रद्द,” सर म्हणाले. “तक्त्यात हे बूथ येणार नाही. का येणार नाही ते अहवालात तुझ्या नावासकट लिहावं लागेल.”

“हो सर.”

“आणि जागेचं नंतर बघू.”

मी मान हलवली. रडू येत होतं, पण त्याहून मोठं काहीतरी डोक्यात फिरत होतं आणि ते मला गप्प बसू देईना.

“सर, गावात सहाच मिळाली, तर मग उरलेली अकराशे बत्तीस कुठून आली?”

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मग झेरॉक्स काढली, गिरणीच्या दारावर पसरली, आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो. छत्रीच्या रकान्यात शून्य, दोन, एक, चार, शून्य अशी ओळ खाली जात होती. मग एकदम बूथ एकशे एकतीस, आंबातांडा, तीनशे चार. त्याखाली आणखी दोन तांडे, दोनशे सत्याऐंशी आणि दोनशे बारा. आणखी खाली एक वाडी, एकशे नव्वद.

“तिथं कोण आहे तिचं?” सरांनी विचारलं.

“ती तिथं प्रचारालाही गेली नाही, सर. तिच्याकडं गाडी नव्हती. ती फक्त कळमगव्हाणमध्येच फिरली.”

सर बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून उभे होते. त्यांच्या रागाचं काय झालं ते मला कळलं नाही, तो गेलाही नव्हता, पण बाजूला सरकला होता.

“मावशीनं मला आकडा विचारलाय, सर. मी सांगेन म्हणाले होते. आपण सांगायचं नसतं ना?”

“लोकांनी आपल्याला जे सांगितलं ते कुणालाही सांगायचं नसतं. शेवंताबाई काय बोलल्या, या पेटीत काय निघालं, ते नाही. हा कागद सरकारी आहे, कुणीही मागू शकतं.” त्यांनी घडी करून तो माझ्या हातात दिला. “सांगायचं का नाही ते तू ठरव. शब्द तू दिलास, मी नाही.”

सिष्टर मागच्या अंगणात कापडी पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून वाळत घालत होती. मी खूप ठिकाणाहून सुरुवात करून पाहिली आणि कुठूनच जमेना, तेव्हा कागदच तिच्यापुढं धरला. तिनं ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला.

“एकशे अठरा,” मी म्हणाले.

तिनं वाचलं. चष्मा काढून काच पुसली आणि पुन्हा वाचलं.

“सहा?”

“हो.”

“सहा म्हंजे सहाशे नाही?”

“नाही मावशी.”

ती पाण्याच्या टाकीच्या कडेला बसली. सर दारात उभे होते, आत आले नाहीत. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. ती स्वतः, दीर, जाऊ, दोघं पोरं. पाच.

“म्हंजे घर सोडून एक,” ती म्हणाली.

 मला वाटलं ती आता रडेल, किंवा शिव्या देईल. बत्तीस वर्षांत त्या गावातलं एकही घर तिच्या हातून सुटलं नव्हतं. पण ती तशीच बसून राहिली आणि मग तिनं सरांना विचारलं, “तो एक कोन हाय ते तुमच्या कागदात समजते का?”

“नाही,” सर म्हणाले. “ते कुणालाच कळत नाही. कधीच नाही.”

“सरपंचालेबी नाही?”

“नाही.”

“बरं हाय मंग,” ती हळूच म्हणाली. “मंग कोनीबी असू शकते.”

मी कागद खाली सरकवून आंबातांड्याच्या तीनशे चारवर बोट ठेवलं. तो आकडा तिनं तीनदा वाचला. त्या आकड्यानं मात्र तिला हुंदका आला, आणि तो आवरायला तिला वेळ लागला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं आंबातांड्याला गेलो. फाट्यापर्यंत काळीपिवळी, पुढं तीन किलोमीटर पायी. सर म्हणाले की ते केवळ चौकशीसाठी येतायत, पण पुढं पुढं तेच चालत होते. तांड्याच्या तोंडाशी एका बाईनं आम्हाला पाहिलं आणि हाक मारत आत पळाली. पाच मिनिटांत तीस-चाळीस बाया जमल्या. कुणी सिष्टरचे हात धरले, कुणी आपली मोठी झालेली पोरं पुढं ढकलली. “हा तुह्या हातचा. ही पायाळू होती, तीबी तुह्याच हातची.”

सिष्टरनं एकेका पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. शेवटी तिनं विचारलं, “मी उभी हाय हे तुमाले सांगतलं कोनं? मी तं इकडं आलीच नाही व.”

सगळ्यांनी मागं पाहिलं. मागं उभी असलेली एक म्हातारी हसली. लिंबीबाई राठोड तिचं नाव. कधीतरी पावसाळ्यात पूर आला होता, लिंबीबाईची सून अडली होती आणि सिष्टर नाला ओलांडून कमरेएवढ्या पाण्यातून आली होती. सिष्टरला ते आठवतही नव्हतं.

“बाजारात भिंतीवर कागद लावला होता,” लिंबीबाई म्हणाली. “मले वाचता येत नाही. नातीनं वाचला, म्हने आपली सिष्टर, छत्री. मंग मी घरातली छत्री काढली. आठ दिवस उन्हात छत्री उघडून फिरली. या तांड्यात, त्या तांड्यात, पान्यावर, बाजारात. लोकं हासले, म्हने म्हातारीले येड लागलं, पाऊस कुठं हाय? मी म्हनलं, सिष्टर उभी हाय. बस, येवढंच.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला? पक्षाचा कुणी माणूस आला होता?” सरांनी वही उघडून विचारलं.

लिंबीबाईला तो प्रश्न समजलाच नाही. “मले कोन सांगन?”

सरांनी वहीत काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. तारीख होती, तांड्याचं नाव होतं, पुढं ओळ मोकळी होती.

परतताना सिष्टर मध्येच थांबली. “हे पाह्य रेवती. मले आकडा समजला हे गावात कोनाले कळू देऊ नोको. सर, तुमीबी.”

“का मावशी? त्यांनी तुमच्याशी...”

“त्याइले माह्या दारात यावं लागते व. कोनाची जखम, कोनाचं लेकरू. मले समजलं असं त्याइले समजलं, तं लाजेनं येनार नाहीत. त्या उकंड्याचा पाय मंग कोन पाहीन?”

सिष्टर पुढं कुठल्याच निवडणुकीला उभी राहिली नाही. दर गुरुवारी मात्र ती आंबातांड्याला जाऊ लागली, लिंबीबाईच्या ओट्यावर बसायची. उपकेंद्राचं कुलूप निघायला आणखी चार वर्षं लागली. अहवालाच्या शेवटी माझी चूक छापून आली, नावासकट. सरांनी वर्षभरानं मला जागा दिली आणि विषयही त्यांनीच सांगितला : लोक आपलं मत कुणाला दिलं म्हणून सांगतात, आणि का. त्या प्रबंधात कळमगव्हाण नाही. हे नावही मी बदललेलं आहे.

पण त्या रविवारचं एक राहिलं. आम्ही सिष्टरच्या घरी परत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, चारची एसटी धरायची होती. उकंडाजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून पट्टी बदलायला आले होते. ओट्यावर बसले. सिष्टरनं हात धुतले, त्यांच्यासमोर पाट घेतला आणि जुनी पट्टी सोडायला लागली. मी आत पिशवी भरत होते. पेटी तिथंच उंबऱ्याशी होती, कुलूप उघडं, रिकामी.

उकंडाजींनी ते पाहिलं.

“उघडली वाटते,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग, सिष्टर?” त्यांनी घसा साफ केला. “भेटलं काय आमचं?”

माझे हात थांबले. सर अंगणात होते, त्यांनीही मान वर केली. त्या सतरा चिठ्ठ्यांबद्दल आम्ही सिष्टरला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि सहाचा आकडा तर तिच्या पदरालाच बांधलेला होता.

सिष्टर जखमेवरून नजर न काढता म्हणाली, “भेटलं न उकंडाजी. तुमचं मत मले भेटलं.”

 उकंडाजींनी नातवाला पाणी आणायच्या निमित्तानं आत पाठवलं. मग खाली वाकून, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण मला स्वच्छ ऐकू आलं, ते म्हणाले, “जरा उशिरा टाकलं, बाई.”

सिष्टरचा कापूस धरलेला हात क्षणभर हवेत राहिला. मग तिनं तो औषधात बुडवला.

“पाय वर घ्या,” ती म्हणाली. “आन हालू नोका. झोंबन आता.”